बॉनेट उघडे होते म्हणून

दंतवैद्याच्या दारात गाडी लावून निवृत्त मास्तरांनी घड्याळ पाहिले. पत्नीची दाढ काढायला अर्धा तास लागणार होता. आत जाताना तिने बजावले होते, "बाहेर आले की पहिला तुमचा चेहरा दिसला पाहिजे. नाहीतर भर रस्त्यात भोकाड पसरीन." मास्तरांनी शब्द दिला होता.

रिकामे बसणे तंत्रशाळेत तीस वर्षे शिकवलेल्या माणसाला शोभत नाही. त्यांनी बॉनेट उघडले आणि इंजिनातले तेल मोजायची पट्टी बाहेर काढली.

"बंद पडली का, काका?" समोरच्या फळवालीने विचारले.

"नाही हो ताई, मी फक्त..."

"लाजताय काय! कोणाची बंद पडत नाही?"

तिच्या हाकेसरशी शेजारचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावला. मागोमाग त्याचे गिऱ्हाईक, एकच बाही टाचलेल्या सदऱ्यात. बघता बघता सहा जण जमले. कोणी बॉनेट आपटले, कोणी मास्तरांना आत कोंबले.

"तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरा!"

पट्टी बाहेर असताना इंजिन सुरू करणे मास्तरांच्या शिस्तीत बसत नव्हते. ती तलवारीसारखी हातात धरून ते ढकलल्या गाडीतून कोपऱ्यावरच्या गॅरेजात पोचले.

मेकॅनिकने लगेच प्लग काढले.

"अहो, गाडी ठणठणीत आहे!" मास्तर कळवळले.

"सगळे असंच म्हणतात," मेकॅनिक प्लग पुसत म्हणाला.

घड्याळात पाच मिनिटे उरली होती. "बायको बाहेर येईल हो! मी दिसलो नाही तर घाबरेल बिचारी."

मग शिंपी गरजला, "काकूंना ताटकळत ठेवायचं? लावा रे हात!"

मेकॅनिकने भराभर प्लग बसवले, पट्टी जागेवर खोचली आणि तोही मागून ढकलू लागला. मास्तर किल्ली फिरवणार, तोच गाडी सुटली.

माणूस म्हणजे गंजलेला नट, पाना लावल्याशिवाय हलत नाही, असे मास्तर वर्गात सांगत आले होते. आता आरशात सात नट घामाघूम होऊन, आपापली कामे टाकून, आपणहून फिरत होते.

गाडी थांबली आणि दवाखान्याचे दार उघडले. सुजल्या गालाच्या पत्नीला मास्तरांचा चेहरा बरोबर वेळेवर दिसला. फळवालीने तिला कोपराला धरून अलगद आत बसवले.

"घर कुठं, काका?"

"पुढच्याच गल्लीत."

"मग सोडूनच येतो की!"

मास्तरांचा हात किल्लीकडे गेला. आरशात सातही चेहरे सजवलेल्या लग्नघरासारखे उजळले होते. हात मागे आला.

कापसाच्या बोळ्याआडून पत्नी पुटपुटली, "अहो, किल्ली फिरवून तरी बघा."

"नको," मास्तर कुजबुजले, "सुरू होईल."