निळी, चंदेरी, सोनेरी

संगीताची पारख कानांनीच करावी, हे सर्वमान्य आहे; मात्र त्या कानांना आधी पुरेशी माहिती दिलेली असावी.

शाहपुऱ्यातल्या आमच्या मराठी श्रोता मंडळाने (सभासद तेरा, श्रवणयंत्रे पाच) जुन्या गाण्यांच्या सीडींचा संग्रह करायचे ठरवले, तेव्हा अध्यक्ष अंबरीशरावांनी मूलभूत मुद्दा काढला: सीडीचा रंग. त्यांच्या मते निळीवर गंधार रुक्ष लागतो, चंदेरीवर बरा, सोनेरीवर तृप्त. कारखान्यातले निवृत्त तंत्रज्ञ उदयराव म्हणाले की सीडीवर फक्त शून्य आणि एक असतात, आणि एक कशावरही लिहिला तरी एकच राहतो. हे मत तांत्रिक असल्यामुळे आभारपूर्वक बाजूला ठेवले.

अडचण इंदुमतीबाईंची झाली. त्यांच्या आईचे एकमेव गाणे निळ्या सीडीवर, आणि वर दिवंगत भावाच्या अक्षरात ‘आईचं गाणं’. निळी बाद झाली की ती घरी परत.

चाचणी ठरली. तेच गाणे चंदेरी आणि सोनेरीवरही उतरवले. पडद्याआड मी. (मी चिटणीस आहे, कारण नाही म्हणायला बोलावे लागते.) क्रम बंद पाकिटात: निळी, चंदेरी, सोनेरी.

मूळ निळी लावली. वाजली. मग यंत्र तिला सोडेना. बटण चार वेळा दाबले. बाहेर सगळे डोळे मिटून बसलेले. त्यांना कसे सांगावे? मी तीच पुन्हा वाजवली. मग तिसऱ्यांदा.

निकाल: पहिली रुक्ष, दुसरी ठीक, तिसरीत तंबोरा ‘आतून’ ऐकू आला. (साथीला फक्त पेटी होती.) तिसरीला अकरा मते; एक सभासद झोपले होते, आणि मी पडद्याआड. इंदुमतीबाईंचे मतही तिसरीलाच. पाकीट फोडले.

“कान खोटं बोलत नाहीत, चिटणीस,” अंबरीशराव म्हणाले. “लिहून घ्या. तिसऱ्या खेपेला वाजली, तीच सीडी संग्रहात.”

खरे सांगायचे धैर्य आठवडाभर जमवले, जमले नाही. शेवटी ठरावाचे अक्षरशः पालन केले. तिसऱ्या खेपेला वाजलेली सीडी पेचकसाने यंत्रातून सोडवली, पाकिटात घातली आणि संग्रहात पहिल्या क्रमांकावर दाखल केली.

इंदुमतीबाईंना मात्र सगळे सांगितले. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“ते खरं हो, भाऊ,” मग म्हणाल्या. “पण तिसऱ्या वेळी आई जरा मोकळी गायली, नाही?”

मी हो म्हणालो. मलाही तसेच वाटले होते.

आपण हसला असाल. हाच मजकूर गुळगुळीत कागदावर, जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात वाचला असता, तर थोडे जास्त हसला असता.