व्याह्यांच्या कुंडात तिळाचं तेल

तेलाची बाटली बॅगेत टाकायची, हे परीक्षित देशकरने निघता निघता दारात उभं राहून ठरवलं. नुकताच नागपूरहून आईचा फोन येऊन गेला होता. उद्या नरकचतुर्दशी, जिथे असशील तिथे पहाटे तेल-उटणं लावून अंघोळ कर, असा हुकूम होता. परीक्षितच्या हाताखाली अमेरिकेतल्या चँडलर शहरातल्या चिप कारखान्यात चाळीस इंजिनिअर होते, पण चोपन्नाव्या वर्षीही आईला नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. शिवाय बाटली छोटी होती, आणि उटण्याची पुडी तर तिच्याहून छोटी.

खरं तर ही सहल सणाची नव्हतीच, परीक्षेची होती. त्याच्या मुलीला, अनिकाला, डॅनियल मोरिता नावाचा मुलगा पसंत होता. डॅनियलची आजी ॲरिझोनाच्या उत्तरेला डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यावर जपानी पद्धतीचं विश्रामगृह चालवायची. मोरितांच्या घरात आजीने मान हलवल्याशिवाय लग्न ठरत नसे. आजीने देशकर मंडळींना दोन रात्री राहायला बोलावलं होतं, म्हणजे थोडक्यात बघायला बोलावलं होतं. परीक्षितला हा मुलगा मनापासून आवडला होता. एकतीस वर्षांची आपली अबोल लेक फोनवर खळखळून हसते, हे त्याने डॅनियल आल्यापासूनच ऐकलं होतं. आपल्यामुळे हे मोडलं तर, या विचाराने त्याला आठवडाभर झोप नव्हती.

"बाबा, प्लीज, जस्ट बी नॉर्मल," अनिका गाडीत तिसऱ्यांदा म्हणाली.

"मी नॉर्मलच असतो."

"आय मीन, नथिंग एक्स्ट्रा."

शेजारी बसलेली त्याची बायको कादंबरी फोनवर तिथले नियम वाचत होती. "अंगाला साबण लावून, स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरायचं. छोटा टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही. आणि कपडे घालून उतरायचं नाही. बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं."

"म्हणजे मी आणि डॅनियलचे वडील..."

"हो."

"पहिल्याच भेटीत?"

"ते तुझ्याकडे बघणार नाहीत," कादंबरी म्हणाली. "बघण्यासारखं आहे काय?"

परीक्षितने यावर एक उपाय काढला. (त्याचे उपाय हा घरात स्वतंत्र काळजीचा विषय होता.) पहाटे पाचला, सगळे झोपलेले असताना, जाऊन यायचं. आईचा शब्द राहील, लाजही राहील.

पहाटे पाचला तो कुंडाशेजारच्या लाकडी स्टुलावर उघडाबंब बसला आणि त्याने अंगाला तेल चोळायला घेतलं. वाळवंटात राहून कोरडी पडलेली कातडी तेल पीत गेली आणि बाटली कधी रिकामी झाली ते कळलंच नाही. मग त्याने उटणं लावलं. उटण्याने तेल निघतं, साबण लागत नाही, हा आईचा सिद्धांत त्याने कधी तपासून पाहिला नव्हता. अंगावर दोन तांबे पाणी पडतंय न पडतंय तोच बाहेर पावलं वाजली.

सभ्य माणूस अशा वेळी टॉवेल शोधतो. टॉवेल होता वीतभर. परीक्षितने सरळ कुंडात उडी घेतली.

पावलं दारावरून पुढे निघून गेली. परीक्षितने सुटकेचा श्वास सोडला आणि खाली पाहिलं. त्याच्याभोवती तेलाचा तवंग पसरत होता. मध्ये पिवळा, कडेला सप्तरंगी. हाताने थोपवायला जावं तर तो आणखी लांब पळे. शेवटी त्याने नियम धाब्यावर बसवून टॉवेलने तेल टिपायला सुरुवात केली. टॉवेल पिवळा झाला आणि तवंग होता तसाच राहिला. तेवढ्यात दार सरकलं.

आत मिस्टर मोरिता आले. डॅनियलचे वडील, निवृत्त दंतवैद्य, अत्यंत मितभाषी. ते स्टुलावर बसून दहा मिनिटं काटेकोरपणे अंग धूत राहिले. परीक्षित त्या दहा मिनिटांत पिवळ्या टॉवेलवर बसून देवाला आळवत होता. मग मिस्टर मोरिता हळूच पाण्यात उतरले.

त्यांनी एक लांब श्वास घेतला.

"आज पाण्याला वास येतोय," मिस्टर मोरिता म्हणाले.

"डोंगराचा असेल," परीक्षित म्हणाला.

मिस्टर मोरितांनी पाण्याबाहेर काढलेला स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला. हात लखलखत होता. ते उठले, पायरीवर त्यांचा पाय सटकला, परीक्षितने धावून त्यांचं कोपर धरलं, पण तेही हातातून निसटलं आणि भावी व्याही पायरीवर धप्पकन बसले. नशिबाने लागलं काही नाही. "थँक यू," ते म्हणाले आणि निघून गेले. हे थँक यू परीक्षितच्या जिवाला लागलं.

सकाळी सातला तवंग पाहून आजीने पुरुषांचं कुंड बंद केलं. पाणी उपसायचं, दगड हातांनी घासायचे, पुन्हा भरायचं, म्हणजे संध्याकाळ होणार. दहा खोल्यांतले पाहुणे गरम पाण्यासाठीच आले होते. न्याहारीला दोन्ही कुटुंबं बुटक्या टेबलाभोवती जमिनीवर गुडघे मुडपून बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आजी ताठ बसून एकेकाकडे पाहत होती.

"काल रात्री कुंड कोणी तपासलं होतं?"

"मी, ग्रँडमा," डॅनियल मान खाली घालून म्हणाला. "माझंच काहीतरी राहिलं असेल. सॉरी."

मिस्टर मोरिता सूपमध्ये पाहत राहिले. त्यांना सगळं माहीत होतं, आणि पाहुण्याला उघडं पाडायचं नाही म्हणून ते गप्प होते. बोललो तर अनिकाचं लग्न हातचं जाणार, आणि गप्प बसलो तर आपला जावई आपल्यासाठी बोलणी खाणार. त्याने अनिकाकडे पाहिलं. ती डॅनियलकडे पाहत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

"मी केलं," परीक्षित म्हणाला आणि उठला.

पण उठला असं त्याला फक्त वाटलं. वीस मिनिटं मुडपलेले पाय कधीच बधिर झाले होते. ते जागेवर राहिले, वरचा देह पुढे गेला, दोन्ही तळवे चटईवर आदळले आणि कपाळ आजीच्या पुढ्यात टेकलं. उठता येईना, म्हणून त्याने त्याच अवस्थेत सगळं सांगितलं: आईचा फोन, तेल, उटणं, टॉवेल, आणि डोंगराचा वास ही थाप.

मिस्टर मोरिता गंभीर झाले. जमिनीला कपाळ टेकून पूर्ण क्षमा मागायच्या जुन्या जपानी रीतीबद्दल त्यांनी फक्त वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं, ती प्रत्यक्ष पाहिली नव्हती.

"हे असं किती वेळ राहणार?" आजीने कादंबरीला हळूच विचारलं.

"मुंग्या जाईपर्यंत," कादंबरी म्हणाली.

आजीने घासायचा ब्रश मागवला. दिवसभर परीक्षित रिकाम्या कुंडात दगड घासत होता. दुपारी मिस्टर मोरिताही पॅंट दुमडून शेजारी येऊन बसले. दोघांनी मिळून शंभर शब्दही उच्चारले नाहीत, पण परीक्षितला इतकं हलकं महिन्याभरात वाटलं नव्हतं. लग्न मोडलं की काय, ही एकच शंका आत कुरतडत होती, आणि ती विचारायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी कुंड भरलं. आजीने सगळ्यांना चहाला बोलावलं. (या वेळी परीक्षितला मुद्दाम खुर्ची दिली होती.) आजीने कप खाली ठेवला.

"या लग्नाला माझी हरकत नाही."

अनिकाने डॅनियलचा हात घट्ट धरला. परीक्षितचे डोळे पाणावले. फोड आलेले हात जोडून त्याने विचारलं, "आजी, मी एवढा गोंधळ घातला, तरीसुद्धा?"

आजीने मायेने त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "मी कालपासून नीट बघतेय. मुलगी आईवर गेलीय."