मिशीवाल्याची लिफ्ट

लिफ्ट सुरू झाली तर सेक्रेटरींचा दुहेरी फायदा होता. दोन्ही गुडघे वाचणार होते आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर बायकोचं ऐकून घेणं टळणार होतं. इमारत अरुंद आणि उंच, बिऱ्हाडं तीनच. तळाला शिंपीणबाईंचं दुकान आणि घर, मधे व्यायाम शिकवणारे सर आणि पार वर, जिथे पोचेपर्यंत पिशवीतली भाजी सुकते, तिथे सेक्रेटरी. लिफ्ट कित्येक महिने बंद होती. दुरुस्तीचा खर्च तिघांनी वाटून घ्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

"पण भाऊ, मी लिफ्टने जाऊ कुठे?" शिंपीणबाई दातांनी दोरा तोडत विचारायच्या. "जमिनीत?"

"ताई देत असतील तर मीही देतो, काका," सर म्हणायचे. "नाहीतर जिना काय वाईट? मांड्या घट्ट होतात."

तेव्हा सेक्रेटरींनी ठरवलं की आधी या लोकांत एकोपा आणायचा, मग पैसे. लिफ्टचं दार आणि मीटरची पेटी यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा होती. तिथे बरोबर बसेल अशी उभट काचेची टाकी त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणली. तीन थरांत तीन तऱ्हेचे मासे गुण्यागोविंदाने नांदताना रोज दिसले, की दगडालाही पाझर फुटेल. शिंपीणबाई तर शेवटी माणूसच.

"मासे एकमेकांशी जुळवून घेणारे हवेत," त्यांनी दुकानदाराला बजावलं.

"घेतील ना, साहेब."

"टाकी उभी आहे. आडवं पोहायला जागा कमी."

"चालेल ना, साहेब."

त्या दुकानदाराला न चालणारं काही नव्हतंच. सेक्रेटरींनी घोडा मागितला असता तरी त्याने पिशवीत पाणी भरायला घेतलं असतं. वरच्या थरासाठी लांब झुपकेदार शेपट्यांचे गप्पी, मधल्यासाठी पट्टेरी बार्ब आणि तळासाठी एक गलेलठ्ठ मिशीवाला घेऊन सेक्रेटरी परतले. तिन्ही बिऱ्हाडांना बोलावून त्यांनी छोटंसं भाषण केलं. बाकी काही नाही तरी आपला मासा कुठला, हे सगळ्यांना नीट कळलं.

"आमचा जेवतो काय?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"वरून जे खाली पडेल ते."

"म्हणजे तुमचं उष्टं."

झालं. संध्याकाळच्या आत तळाशी जाणाऱ्या गोळ्यांचा वेगळा डबा आला. तो अर्थात सेक्रेटरींनी आणला.

दोन दिवसांनी त्यांची बायको सरांच्या दारात उभी. "तुमच्या पट्टेऱ्यांनी आमच्या गप्पींच्या शेपट्या कुरतडल्या. एकाला तर शेपटी होती की नव्हती, हेच आठवेना झालंय."

"अंगात रग आहे हो त्यांच्या," सर कौतुकाने म्हणाले. "काकू, तुमच्यांनाही थोडं पळवा की."

"पळायला जागा कुठाय? आणि तो खालचा मिशीवाला. सुसाट वर येतो, आमच्या घरात तोंड घालतो आणि परत खाली. न विचारता."

सेक्रेटरींनी यावर रामबाण उपाय काढला. प्लास्टिकच्या दोन जाळ्या कापून त्यांनी टाकीत आडव्या बसवल्या. तीन थरांचे तीन मजले झाले, वर भांडण नाही, खाली भांडण नाही. हात पुसतात न पुसतात तोच शिंपीणबाईंची हाक आली.

"भाऊ, माझा मासा छताला डोकं आपटतोय."

दुकानदाराला फोन लावला. "त्याला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते, साहेब. सवय आहे त्यांची."

"मग आता?"

"काहीतरी करा ना, साहेब. चालेल."

मग दोन्ही जाळ्यांना भोकं पाडून तळापासून वरपर्यंत एक रुंद, पारदर्शक पाईप उभा केला. मिशीवाला तासाभरात सरावला. पाईपमधून झपकन वर जायचा, तोंडभर हवा घ्यायचा आणि ऐटीत खाली यायचा. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघू लागले. बंद लिफ्टला टेकून उभं राहायचं आणि चालू लिफ्ट बघायची.

"काका," सर म्हणाले, "माशाची झाली की हो लिफ्ट."

सेक्रेटरींनी ते हसण्यावारी नेलं. पण पाईपला आतून शेवाळं धरलं. तो बाहेर काढून, लांब ब्रशने घासून परत बसवायचा, हे काम गुडघेदुखीच्या माणसाने स्टुलावर चढून करायचं. दुसऱ्यांदा चढताना सेक्रेटरींची कुरकुर वाढली, तिसऱ्यांदा त्यांनी तिघांची बैठकच बोलावली. बैठक टाकीसमोर भरली.

"पाळी लावू या," शिंपीणबाई म्हणाल्या. "टाकी सगळ्यांची आहे ना? तुम्हीच म्हणाला होता भाषणात."

"टाकी सगळ्यांची, पण पाईप कोण वापरतं?" सेक्रेटरी तापले. "आमचे गप्पी वापरतात? सरांचे पट्टेरी वापरतात? एकटा तुमचा मिशीवाला चढतो-उतरतो. मग ज्याचा वापर, त्यानेच निस्तरावं. सरळ न्याय आहे."

"अहो," बायकोने त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली.

"तू थांब. मी तत्त्वाचं बोलतोय."

"पुन्हा एकदा म्हणा, भाऊ," शिंपीणबाई शांतपणे म्हणाल्या. "सरांना नीट ऐकू गेलं नसेल."

सेक्रेटरींनी पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा खणखणीत.

"मला पटलं. पाईप आजपासून माझ्याकडे." शिंपीणबाईंनी ब्रश उचलून खांद्यावरच्या टेपाशेजारी टाकला. "आता लिफ्टचं बोलू या. ती कोण वापरतं?"

सर्वांच्या आधी सर उठले. "मी जिन्यानेच जातो, काका. मांड्यांसाठी," असं म्हणून ते दोन-दोन पायऱ्या टाकत दिसेनासे झाले.

लिफ्ट दुरुस्त झाली. सगळा खर्च सेक्रेटरींनी केला आणि उरलेसुरले बायकोचे टोमणे त्यांनी घरी बसून ऐकले. पण पहिल्याच संध्याकाळी, खाली दार उघडायला जातात तर लिफ्टमध्ये शिंपीणबाई, हातात स्टूल आणि ब्रश.

"ताई? तुम्ही कुठे?"

"गच्चीवर. खालच्यांना वर जाऊन हवा घ्यावी लागते, भाऊ. सवय असते."

"मग वापर सुरू झाला म्हणायचा. आता तुमचा वाटा..."

"पाईपचे पैसे मी कुठे दिले होते? ते तुम्हीच दिलेत. मी घासते. तसाच हा आरसा घासीन." त्यांनी ब्रशने आरशावर एक हात फिरवला आणि दार लावून घेतलं.

गच्चीवर गेल्या की परत येताना लिफ्ट खाली गेलेली नको, म्हणून त्या दारात स्टूल अडकवून ठेवतात. त्यांना हवा भरपूर लागते.

एकूण हिशेब असा लागला. गप्पींच्या शेपट्या हळूहळू पुन्हा फुटल्या. सरांच्या मांड्या होत्या त्याहून घट्ट झाल्या. शिंपीणबाईंचा एक ब्रश झिजला, तोही सेक्रेटरींनीच आणलेला. स्वतः सेक्रेटरी संध्याकाळी बाजारातून येतात, बटण दाबतात आणि टाकीजवळ उभे राहतात. मिशीवाला सर्रकन वर जातो, हवा घेतो, खाली येऊन मिशा हलवतो. लिफ्ट वरच असते. मग सेक्रेटरी पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि जिन्याला लागतात.