टोरंटोचं हवाई अंतर

"कुठे जायचंय?" असं दळवीकाका विचारतात ते केवळ उत्तर दुरुस्त करण्यासाठी. "कॅम्प तीनच्या बाजारात, जीन्स घ्यायला," असं मी म्हटलं की ते रस्त्याकडे हात न करता थेट समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवतात. "तिकडे आहे कॅम्प तीन. हवाई अंतर काहीच नाही. रस्ता उगीच वळसे घेतो."

अंबरनाथ पश्चिमेला आमची दारं समोरासमोर. काका एका कारखान्यात ड्रॉइंग काढायला होते, त्यामुळे सरळ रेघेवर त्यांचा भारी जीव. एकदा शेअर रिक्षात ते चालकाला म्हणाले, "भाऊ, निम्मा रस्ता तू फुकट फिरतोस." तो म्हणाला, "काका, पंख लगवा दो, सीधा ले जाऊंगा." काकांना राग आला नाही. "मुद्दा कळलाय त्याला," मला म्हणाले.

त्यांच्या टीव्हीशेजारी पृथ्वीचा गोल आहे. त्यावर लाल दोरा, एक टोक मुंबईला, दुसरं टोरंटोला. "साडेबारा हजार किलोमीटर, थोडं इकडेतिकडे," ते पाहुण्यांना सांगतात. "विमान सरळ पश्चिमेला जातं असं वाटतं ना? ते वर उत्तरेकडून जातं. गोलावर तीच जवळची वाट." पाहुणे माना डोलवत चहा संपवतात.

टोरंटोला त्यांची मुलगी राहते, हे मात्र पाहुण्यांना काकूच सांगतात. चार वर्षांपूर्वी अनघा बँकेतली पक्की नोकरी सोडून बेकरीचं काम शिकायला गेली. काका चिडले, इतके की तिला सोडायला विमानतळावरही गेले नाहीत. तेव्हापासून दर रविवारी सकाळी काकू तिच्याशी फोनवर बोलतात आणि काका तेवढा वेळ गोलावरची धूळ पुसतात.

मागच्या महिन्यात अशाच एका रविवारी त्यांनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं. टेबलावर दोन नवेकोरे पासपोर्ट होते. मी व्हिसाचा अर्ज भरायला घेतला. प्रवासाचं कारण आलं तेव्हा पर्याय वाचून दाखवले. पर्यटन, कामकाज, नातेवाइकांची भेट.

"माफी मागायला, असं नाहीये का त्यात?" काकांनी विचारलं.

मी वर पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

"नाही, काका."

"मग भेट लिही."

काकूंनी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. काकांनी घसा साफ केला. "अनघा, मी बोलतोय. आम्ही यायचं म्हणतोय. तुला चालेल ना?"

पलीकडून तिचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "थंडीच्या आधी या, बाबा. सकाळी बेकरीत न्यायचंय तुम्हाला. तिथला पाव मीच भाजते."

काकांनी मान हलवली. हलवलेली मान फोनवर दिसत नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"अहो, हो म्हणा तिला," काकू म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले. मग आणखी दोनदा म्हणाले.