पडद्यामागचे साठ जण

घोलवडच्या गोविंदराव सावेंच्या धाकट्या मुलीचं, अदितीचं, लग्न ठरलं आणि वाजंत्रीचा विषय निघाला, तेव्हा त्यांच्या थोरल्या जावयाने फोनवर दोन-तीन वाक्यं उच्चारली. पुढे जे काही घडलं त्यात जावयाची चूक एवढीच, की तो मुळात कमी बोलायचा.

"पप्पा, संगीताचं माझ्याकडे सोडा," यतीन म्हणाला. "पूर्ण ऑर्केस्ट्रा आहे माझ्याकडे. व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट, बासऱ्या, सगळं धरून साठेक होतील."

"साठ?"

"जास्तच. पण आपल्याला साठ पुरे."

गोविंदराव फोन ठेवून झोपाळ्यावर येऊन बसले. यतीन त्यांच्या थोरल्या निशिगंधाबरोबर डहाणूला राहायचा आणि तलासरीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. माणूस चांगला, पण छातीने कमजोर, असं त्यांचं पक्कं मत होतं. एकदा ते न कळवता डहाणूला गेले असताना त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं, जावई कानाला हेडफोन लावून, तोंडात एक नळी धरून, डोळे मिटून हळूहळू फुंकत बसला होता. ते तसेच पावलं न वाजवता मागे फिरले आणि घरी येऊन बायकोला, नर्मदाबाईंना, म्हणाले, "पोराला दमा आहे. मशीन लावतो. निशीने आपल्याला सांगितलं नाही, आपणही विचारायचं नाही." तेव्हापासून नर्मदाबाई वाडीतल्या चिकूंबरोबर अडुळशाचा काढाही पाठवायच्या, आणि यतीन सासूचा मान म्हणून तो पीत असे.

अशा माणसाच्या हाताखाली साठ वादक आहेत हे कळल्यावर सासऱ्याची छाती फुगली तर नवल नाही. गोविंदरावांनी त्याच संध्याकाळी उंबरगावला फोन लावला. नवरदेवाचे मामा वासुदेव राऊत यांच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलत नसे. शिवाय तरुणपणी ते एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, त्यामुळे संगीतातलं सगळं त्यांना कळतं, असं उंबरगाव मानत होतं.

"साठ माणसं?" मामा म्हणाले. "सरस. मग आमची बँडपार्टी कशाला हवी? कॅन्सल करून टाकतो. आणि मी सगळ्यांना सांगतो हां, असं लग्न आपल्याकडे झालेलं नाही."

आता मागे फिरायची सोय राहिली नाही. गोविंदरावांना फिरायचंही नव्हतं. त्यांनी चिकूची पॅकिंग शेड रिकामी करून तिथे गाद्या घातल्या. क्रेट घराच्या ओटीवर आले, त्यामुळे घरात शिरायला तिरकं व्हावं लागे. शाळेतून खुर्च्या आणल्या. मांडववाल्याला स्टेज रुंद करायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "काका, एवढ्या स्टेजवर क्रिकेट होईल."

"त्यांना कांदा-लसूण चालतं का?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"कलावंत माणसं. दोन्ही करून ठेव."

यतीनला त्यांनी विचारलं नाही असं नाही. "यतीनराव, सगळ्यांना आणायला स्टेशनवर ट्रक पाठवू का?" असा फोन त्यांनी केला होता. यतीन तेव्हा प्रयोगशाळेत मुलांवर लक्ष ठेवून होता. सगळ्यांना म्हणजे बायकोला आणि आपल्याला, अशी त्याची समजूत झाली. "ट्रक कशाला, पप्पा? आम्ही आमचे येतो. सामान फार नाही."

"किती साधी माणसं," गोविंदराव नर्मदाबाईंना म्हणाले.

लग्नाच्या सकाळी यतीनची छोटी गाडी वाडीत शिरली. निशिगंधा उतरली, यतीन उतरला, पाठोपाठ एक बॅग उतरली. गोविंदराव गाडीच्या मागे रस्त्यावर नजर लावून उभे राहिले.

"बाकीचे?"

"कोण बाकीचे?" यतीन म्हणाला.

"साठ जण."

यतीनला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग त्याने हळूच बॅग उचलून दाखवली. "पप्पा, ते यात आहेत."

गोविंदरावांनी बॅगेकडे पाहिलं. यतीनने लॅपटॉप काढला, हातभर लांबीचा एक कीबोर्ड काढला आणि शेवटी ती नळी काढली. नळी पाहताच गोविंदरावांचा आवाज मऊ झाला. "आधी औषध घ्या. मग सावकाश बोलू."

निशिगंधा हसायला लागली ती थांबेना. मग तिने समजावून सांगितलं. खऱ्या वादकांनी वाजवलेला एकेक सूर या लॅपटॉपमध्ये भरलेला असतो. कीबोर्डवर यतीन सूर निवडतो आणि नळीत फुंकून त्यांच्यात जीव घालतो. श्वास हलका तर व्हायोलिन हलकी, श्वास भरला तर सगळी उसळून येतात. "आणि त्यांना दमा नाहीये, पप्पा."

"मग काढा का पीत होते?"

"आईंनी पाठवला म्हणून," यतीन म्हणाला.

एवढ्यात उंबरगावची पहिली बस वळणावर दिसली. निशिगंधा म्हणाली, "खरं सांगून टाका." गोविंदराव म्हणाले, "काय सांगू? साठ जण पिशवीत आहेत म्हणून सांगू?" आणि त्यांनी मांडववाल्याला हाक मारून स्टेजपुढे आडवा पडदा ओढायला लावला. यतीनची हरकत नव्हती. तो इतकी वर्षं हेडफोन लावूनच वाजवत आला होता. लोकांपुढे कधी वाजवलंच नव्हतं, त्यामुळे पडदा पाहून त्यालाच हायसं वाटलं. पडद्यामागे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांपुढे तो एकटा बसला. साठ जणांचा नाश्ता तयार होता. नर्मदाबाईंनी त्याला एकामागून एक लाडू भरवले.

वासुदेवमामा आले ते थेट पडद्याकडे निघाले. गोविंदराव आडवे झाले. "वाजवण्याआधी ते कुणाला भेटत नाहीत, मामा. त्यांची पद्धत आहे."

"बरोबर आहे," मामा गंभीरपणे म्हणाले. "मोठे लोक असेच असतात."

अक्षता पडल्या, हार घातले गेले आणि पडद्यामागून संगीत सुरू झालं.

आधी एक बासरी आली, इतकी हलकी, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी बोलणं अर्ध्यावर सोडलं. तिच्याखाली खर्जातले चेलो सरकले. मग व्हायोलिन आली, आणि ती एकदम आली नाहीत. भरतीचं पाणी वाळूवर चढतं तशी ती थोडी पुढे आली, मागे गेली, पुन्हा जास्त पुढे आली. गोविंदराव बाजूला उभे होते, तिथून त्यांना पडद्याच्या फटीतून जावई दिसत होता. त्याचे गाल, त्याचे खांदे, मिटलेले डोळे. बोट पट्टीवर जरासं हलवलं की सूर थरथरायचा. श्वास सोडता सोडता तो थांबायचा आणि सगळा मांडव त्याच्याबरोबर थांबायचा. गोविंदराव अदितीला निरोप देताना रडायचं ठरवून बसले होते. ते आत्ताच रडले.

आणि त्याच वेळी यतीनला उचकी लागली.

कोरड्या लाडवांनी आपलं काम केलं होतं. नळी तोंडात होती. सगळ्या व्हायोलिनना, चेलोंना आणि ट्रंपेटना एकदम उचकी लागली. मांडव दचकला. यतीनने सावरून पुढची ओळ धरली, तर पुन्हा उचकी. तिसऱ्या वेळी मात्र त्याने ती येणार हे ओळखलं आणि सम तिच्यावरच आणून ठेवली. पुढची प्रत्येक उचकी त्याने अशी झेलली, की पोरं टाळ्यांनी ठेका धरायला लागली.

वासुदेवमामा उभे राहिले. "ऐकलंत? साठ माणसं, पण तुटतात एका जागी, जोडतात एका जागी. सगळ्यांचा श्वास एक आहे, एक. काय रियाज असेल."

"श्वास एकच आहे," गोविंदराव प्रामाणिकपणे म्हणाले.

संगीत थांबलं, पानं मांडली गेली. पण मामा पानावर बसेनात. "आधी वादक जेवतील, मग मी. आमच्या बँडमध्ये आम्हाला नेहमी शेवटी बसवायचे. मी ते करणार नाही." मामा बसले नाहीत म्हणून नवरदेव बसला नाही, नवरदेव बसला नाही म्हणून उंबरगाव बसलं नाही. वाढपी पुऱ्यांची भांडी धरून ताटकळले. शेवटी गोविंदरावांनी मामांचा हात धरला, त्यांना पडद्यामागे नेलं आणि बोट दाखवलं.

यतीन पाणी पीत होता. मामांनी खुर्च्या पाहिल्या, लॅपटॉप पाहिला, नळी पाहिली.

"बाकीचे गेले?"

"आलेच नव्हते," गोविंदराव म्हणाले. "सगळं यांनी एकट्याने वाजवलं. चूक माझी. मला वाटलं माणसं आहेत."

मामा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बघू." यतीनने नळी पुसून दिली. मामांनी जुन्या सवयीने छाती भरून फुंकलं, आणि व्हायोलिनचा असा काही आवाज आला, की बाहेर मांडववाला धावत स्पीकर बघायला गेला. मामांनी पुन्हा फुंकलं, हळू. या वेळी एखादी म्हैस झोपेत कण्हावी तसं वाजलं. त्यांनी नळी दोन्ही हातांनी परत केली.

"यंत्राचं काही नाही यात," ते म्हणाले. "यतीनराव, एवढा श्वास मोजून सोडायला मला आयुष्यात जमलं नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण गोविंदराव, मी सगळ्या उंबरगावला साठ सांगितलेत. माझी लाज राखा. पडदा असाच राहू दे."

गोविंदरावांना आणखी काय हवं होतं? मामा बाहेर गेले आणि हात वर करून म्हणाले, "वादक जेवले सगळे. मी स्वतः उभं राहून वाढलं. पोटभर जेवले. आता बसा."

पंगत बसली. नर्मदाबाईंनी दिलेलं पाणी पिऊन यतीनची उचकी थांबली होती आणि जेवणाऱ्यांसाठी तो पुन्हा वाजवू लागला. या वेळचं आणखीच उतरत गेलं. पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "कुठली असतील ही माणसं? मुंबईची असणार. आपल्याकडे कुठे एवढी कला."

गोविंदराव पडद्याच्या दोरीजवळ उभे होते. त्यांनी ते ऐकलं. आपल्याकडे कुठे, हे शब्द त्यांनी थोडा वेळ सोसायचा प्रयत्न केला. मग दोरी ओढली.

पडदा सरकला. रिकाम्या खुर्च्यांपुढे एकटा यतीन डोळे मिटून फुंकत होता आणि मांडवभर साठ वाद्यं वाजत होती. घास हातात राहिले. "आमचे थोरले जावई," गोविंदराव म्हणाले. "डहाणूचे. एकटे."

सूर संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या त्या बाहेर रस्त्यापर्यंत गेल्या. यतीनने डोळे उघडले, पडदा नाही हे पाहिलं आणि नळी तोंडात धरूनच लाजला, त्यामुळे एक बासरी हळूच लाजली.

टाळ्या ओसरल्यावर पंगतीच्या टोकाची एक म्हातारी वासुदेवमामांकडे वळली.

"वासू," ती म्हणाली, "मग तू जेवायला वाढलंस कुणाला?"

मामांनी मान खाली घातली आणि वाढप्याला म्हणाले, "मठ्ठा आण."