सिस्टरच्या पलंगावर कोण झोपतं?

बेसिनचे दोन तुकडे झाले तेव्हा धडधडच्या तोंडात टूथपेस्टचा फेस होता, त्यामुळे तिला धड किंचाळताही आलं नाही. एक तुकडा भिंतीला धरून राहिला, दुसरा खाली आला. त्याच्या शेजारी पाच किलोचं डंबेल असं निवांत पडलं होतं, की जणू त्याचा या प्रकाराशी काही संबंधच नाही.

तिचं खरं नाव घरात कोणी घेत नसे. राहायला आली त्याच दिवशी दाराची घंटा वाजली आणि ही "बघा, बघा, कसं धडधडतंय" म्हणत दोघी मैत्रिणींचे हात छातीशी धरून बसली. तेव्हापासून ती धडधड. नोकरी विमा कंपनीत. दिवसभर लोकांच्या अपघातांचे अर्ज वाचायचे. माणूस शिंकताना जिन्यावरून पडू शकतो, हे तिला ठाऊक होतं. दोघींपैकी एक हॉस्पिटलात नर्स, म्हणून सिस्टर. दुसरी शाळेत कवायत शिकवणारी, म्हणून पीटी. पीटीचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाई आणि घरी आली म्हणून ती तो काही कमी करत नसे.

आता बेसिनवर डंबेल कशाला, असं कोणीही विचारेल. त्याचं कारण सिस्टरचा पलंग.

गेले पंधरा दिवस सिस्टर संध्याकाळी ड्युटीवरून आली की म्हणायची, "माझ्या पलंगावर कोण झोपलं होतं?" सकाळी ताणून घातलेली चादर चुरगळलेली असे. उशीला खळगा पडलेला असे. खोलीत सर्दीच्या बामाचा वास येई, आणि बाम तर तिघींपैकी कोणी लावत नव्हतं. त्यात दुपारभर घर रिकामं, बाहेरच्या दाराला लॅचचं कुलूप.

"उंदीर असेल," पीटी म्हणाली.

"उंदीर बाम लावतो?"

"मग भूत."

"भूत पंखा तीनवर ठेवून जात नाही," सिस्टर म्हणाली. ती रोज जिवंत-मेलेली माणसं जवळून पाहत असल्यामुळे तिला दोहोंतला फरक पक्का माहीत होता. पण धडधडची मात्र पाचावर धारण बसली. त्या दोघी सकाळी सहालाच बाहेर पडत, आणि मग तासभर घरात ती एकटी. म्हणून ती पीटीचं डंबेल उचलून सोबत न्यायला लागली, स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, जाईल तिथे. त्या सकाळी तिनं ते बेसिनच्या कडेवर ठेवलं, एवढंच झालं.

एवढंच म्हणायला सोपं आहे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाईंचा नियम होता: काही तुटलं-फुटलं, तर खोली खाली. दर एक तारखेला त्या स्वतः वर येऊन नळ पिळून बघत, खिडक्या उघडून बघत, आणि जाताना तिघींच्या ड्युटीच्या वेळापत्रकाची नक्कल मागून नेत. "तीन तरण्या मुली तुम्ही. कोण कधी घरात, कोण कधी बाहेर, मला ठाऊक नको?" तेवढ्यापुरती तिघींनाही त्यांच्याबद्दल माया वाटे.

एक तारीख उद्या होती.

आणि वर्षभरातली धडधडची ही तिसरी खोली. पहिल्या घरातल्या मुलींनी तिला कंटाळून काढलं, दुसऱ्या घराला कंटाळून ती निघाली. इथे पहिल्यांदाच, तिला उशीर झाला तर दोघी जेवायच्या थांबत. "अगं, ये ना लवकर, भुकेनं जीव चाललाय," असा फोन येई, आणि तो ऐकून तिला रस्त्यातच रडू येई. हे घर गेलं तर असा फोन पुन्हा कोण करणार? तिनं तुकडे पोत्यात भरले, दोघींना एका शब्दानं कळवलं नाही, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एका प्लंबरला गाठलं. नवं बेसिन संध्याकाळच्या आत बसलं, की कोणाला पत्ता लागणार नव्हता.

दुपारी दोनला दोघं जिना चढले. खाली चाहूल लागू नये म्हणून तिनं चपला हातात घेतल्या होत्या आणि प्लंबरलाही बूट काढायला लावले होते. काखेत बेसिन, हातात बूट आणि दातांत पिशवीचा बंद, अशा अवस्थेत तो माणूस वर पोचला.

"ताई, चोरीचं काम आहे का हे?" बंद तोंडातून काढून त्यानं विचारलं.

"हळू बोला हो, दादा!"

न्हाणीघरात शिरून त्यानं पाणी बंद केलं आणि कान टवकारले. कुठूनतरी घर्र... घर्र... असा आवाज येत होता.

"पाइपात हवा अडकलीय," तो म्हणाला. त्यानं पाइपावर पान्हा ठोकला. आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. भिंतीला कान लावत, पाइपाच्या मागोमाग तो न्हाणीघरातून बाहेर आला, स्वयंपाकघर ओलांडून सिस्टरच्या खोलीच्या लोटलेल्या दारापाशी थांबला आणि हळूच मागे सरला.

"ताई, ही हवा पाइपातली नाही. माणसातली आहे."

धडधडची बोबडीच वळली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आज प्रत्यक्ष घोरत होता. तरी तिनं दाराची बाहेरची कडी घातली आणि वर प्लंबरचा पान्हा अडकवला.

"दादा, तुम्ही आत जाऊन बघता?"

"मी गळती बंद करतो, ताई. घोरणं नाही."

तिनं सिस्टरला फोन लावला. "तुझ्या खोलीत कोणीतरी घोरतंय!"

"घोरणं एकसारखं आहे, की मधेच श्वास अडकतोय?" सिस्टरनं विचारलं.

"अगं, मी काय त्याची तपासणी करायला उभी आहे का इथे?"

"मधेच अडकत असेल तर कुशीवर वळवायला हवं. दार उघडू नकोस. पीटीला सांग."

पीटीची शाळा दोन गल्ल्यांवर. दहाव्या मिनिटाला ती हॉकीची काठी घेऊन, गळ्यात शिट्टी लटकत्या अवस्थेत हजर झाली. धडधडच्या जिवात जीव आला. पीटी ताडताड दारापाशी गेली, आतला आवाज ऐकला, ताडताड परत आली आणि काठी तिनं प्लंबरच्या हातात दिली.

"हे पुरुषांचं काम आहे," ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल.

"मी बेसिन बसवायला आलोय," प्लंबर म्हणाला.

"बेसिन? आपल्या बेसिनला काय झालं?"

धडधडनं मान खाली घातली. पीटीनं न्हाणीघरात डोकावून पाहिलं. "हे कोणी केलं?"

"तुझ्या डंबेलनं."

"ते एकटं चालत गेलं का तिथे?"

"ते नंतर! आधी आतल्याचं काय ते बघ ना!"

"आतल्याचं काय, घर मालकीणबाईंचं आहे, त्यांना बोलवते. त्यांच्याकडे बघून भलेभले चोर पळतील."

"नको! मालकीणबाई नकोत!" धडधड तिच्या हातावर झेपावली. "त्या बेसिन बघतील. मला घालवतील गं. मला नाही जायचं इथून. मी चोरासोबत राहीन, पण मला तुम्हा दोघींना सोडून नाही जायचं!"

"वेडी आहेस का? तू गेलीस तर आम्ही काय इथे राहणार आहोत? तिघी जाऊ," पीटी म्हणाली, आणि तिनं मालकीणबाईंचा नंबर लावला.

सिस्टरच्या खोलीत फोन वाजला.

घोरणं थांबलं. पलंग करकरला. "आले, आले, सापडेल, थांबा जरा!" असा झोपाळलेला आवाज आला, आणि मग दार आतून गदगदा हललं. "अरे, कडी कोणी घातली? कोण आहे रे तिकडे? चोर! चोर!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. प्लंबरनं तेवढ्यात आपला पान्हा काढून घेतला आणि कडी सरकवली.

दारात मालकीणबाई उभ्या होत्या. अंबाडा सुटलेला, गालावर उशीची घडी उमटलेली, कपाळाला बाम, हातात चपला. एरवी ज्यांच्या नजरेनं नळ आपोआप गळायचे थांबत, त्या बाई तिघांकडे बघून भिंतीला टेकल्या.

धडधडला मात्र बाकी काही दिसतच नव्हतं. "काकू, बेसिन मी फोडलं," ती एका दमात म्हणाली. "या दोघींचा काही दोष नाही. घालवायचं तर मला एकटीला घालवा."

"कुठलं बेसिन?" मालकीणबाईंनी विचारलं. मग न्हाणीघराकडे बघितलं, मग आपल्या हातातल्या चपलांकडे. "ते होय. ते तर केव्हाचंच तडकलेलं होतं." आणि त्या एकदम रडवेल्या झाल्या. "पोरींनो, खाली कोणाला सांगू नका गं. हे रिटायर झाले आणि माझी झोप गेली. चाळीस वर्षं दुपार माझी होती. आता दर दहा मिनिटांनी, 'अगं, माझं पेन कुठंय? अगं, माझी चप्पल कुठंय?' डोळा लागला की हाक. माझ्याकडे किल्ली होतीच, या खोलीला जाड पडदे, आणि तुम्ही सगळ्या कधी बाहेर असता ते कागदावर लिहिलेलं..."

प्लंबरनं हातातली हॉकीची काठी हळूच पाठीमागे लपवली.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि बाहेरच्या दाराची घंटा वाजली.

"हे आले!" मालकीणबाई कुजबुजल्या आणि दाराआडच्या कोपऱ्यात सरकल्या. प्लंबर नव्या बेसिनमागे दडला. पीटी तर न्हाणीघरातच शिरली. राहिली धडधड. तिनं दार उघडलं.

बाहेर मालक उभे होते, काकुळतीला आलेले. "पोरी, आमची ही इकडे आलीय का? माझा चष्मा सापडत नाहीये."

आजवर धडधडनं खोटं बोलण्याचा नुसता विचार केला तरी तिला घाम फुटायचा. दाराआडून एक थंडगार हात आला आणि त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"नाही हो, काका, इथे नाही आल्या," ती शांतपणे म्हणाली. "आणि चष्मा तुमच्या कपाळावर आहे."

मालकांनी कपाळ चाचपलं, खूश झाले आणि जिना उतरून गेले.

धडधडनं दार लावून घेतलं. कुठेतरी काहीतरी जोरजोरात धडधडत होतं. सवयीनं तिनं आपल्या छातीवर हात ठेवला, पण तिथे सगळं ठीक चाललं होतं. मग तिनं दाराआड पाहिलं आणि मालकीणबाईंचा हात धरून त्यांना पुन्हा सिस्टरच्या खोलीशी नेलं.

"झोपा, काकू," ती म्हणाली. "सहापर्यंत कोणी येत नाही. दादा, तुम्ही जरा हळू ठोका."