सहा कामांची तुळई

मुलांनो, डोळ्यांपुढे एक तुळई आणा. पुलाखाली आडवी असते ना, तशी. पण ही साधीसुधी नाही. हिला तडा गेला की ही फोनवर कळवते, तो तडा स्वतःच बुजवते, उन्हातून वीज करते, गोंगाट शोषते, गारवा देते आणि अंधारात मंद उजळते. आणलीत? छान. आता पुढे ऐका.

ही तुळई एका आईने प्रयोगशाळेत अकरा वर्षं खपून तयार केली. अहवाल चारशे बारा पानांचा झाला (सूची वेगळी). सोमवारी ही तुळई शाळेच्या वाटेवरच्या नाल्याच्या पुलाखाली बसवायची होती. आईची सात वर्षांची लेक रोज त्याच वाटेने जायची. मंजुरीची समिती जमली होती, राहिली होती ती फक्त आईची सही.

फॉर्मवर सहा कामांचे सहा चौकोन होते. सगळ्यांत बरोबरची खूण. तरी आईचं पेन अडलं.

"सर, वजनाचा चौकोन कुठंय?"

"अहो मॅडम, वजन काय, वीटसुद्धा पेलते," प्रयोगशाळेचे संचालक समजुतीने म्हणाले. "त्यात संशोधन ते काय?"

हेही खरंच. (निव्वळ वजन पेलण्यावर त्यांच्याकडे गेल्या नऊ वर्षांत एकही परिषद भरली नव्हती.) समितीने माना डोलावल्या. तुळई समोरच दोन स्टुलांवर आडवी ठेवलेली होती, दिसायलाही देखणी.

तेवढ्यात शाळा सुटून लेक आली. "आई, हे जड झालंय गं," म्हणत तिने दप्तर तुळईवर टेकवलं.

तुळई मधोमध मोडली. संचालकांचा फोन लगेच वाजला : 'मला तडा गेला आहे.' समितीने टाळ्या वाजवल्या, कारण पहिलं काम सिद्ध झालं होतं. दुसरं सिद्ध व्हायला चाळीस दिवस लागणार होते. तोवर दप्तरं हलकी करा, असं शाळेला कळवायचं ठरलं.

"तेवढी सही, मॅडम."

"ही जाते त्या पुलावरून," आई म्हणाली आणि तिने पेन खाली ठेवलं.

हसताय ना समितीला? मघाशी तुळई डोळ्यांपुढे आणलीत, तेव्हा ती वजन पेलते का, हे तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं?

लेकीने पेन उचललं, सहा चौकोनांखाली सातवा, जरा वाकडा चौकोन काढला आणि त्यात नीट फुली मारली.